मशीन बंद ठेवून महिन्याला लाख? आधी विजेचं बिल उघडा

वाचकाचं पत्र:

‘आमचं लातूरच्या एमआयडीसीत कोल्ड स्टोरेज आणि त्याला लागून बर्फाचा कारखाना आहे. हिशेब मी पाहते, मशीन धाकटे दीर पाहतात. चिंच, बेदाणा, लाल मिरची ठेवायला घेतो. ११ केव्हीचं एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन, कॉन्ट्रॅक्ट डिमांड (एका वेळी जास्तीत जास्त ओढायचा ठरलेला लोड) २०० केव्हीए, बिलात डिमांड बहुतेक महिने १५० धरलेली असते. कोल्डला ५५ किलोवॉटचे दोन कंप्रेसर आहेत. एक रोज चालतो, दुसरा फेब्रुवारी ते एप्रिल आवक असली की लावतो. बर्फाला ४५ चा एक कंप्रेसर, शिवाय चिंच-मिरची साफ करायची ३० किलोवॉटची लाइन. बर्फाचं मशीन रात्री १० ते सकाळी १० चालवतो, कारण रात्रीची वीज स्वस्त. गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले. म्हणाले, आता स्मार्ट ग्रिड आलंय, ग्रिडला गरज पडली की तुमची मशीन आम्ही लांबून बंद करू, त्याचे महिन्याला लाखभर मिळतील. पॅनलमध्ये डबा बसवायचे १ लाख ८० हजार, करार पाच वर्षांचा. दिरांनी ५ हजार टोकन दिलंसुद्धा. असे पैसे खरंच मिळतात का? आमच्या मशीनवर किती मिळतील?’
– एक वाचक, लातूर

ताई,

धंदा खरा आहे, आकडा फुगवलेला आहे. दोन्ही गोष्टी एका दमात सांगाव्या लागतात. नुसतं ‘फसवाफसवी आहे, नादी लागू नका’ म्हटलं, तर तुमच्याच बिलात पडून असलेले पैसेही हातचे जातील.

ग्रिडने मशीन बंद ठेवायचे पैसे का द्यावेत, ते आधी पाहू. वीज जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. मेळ चुकला की फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झवरून हलते. दुपारी सोलरची वीज भरपूर असते. मराठवाड्यात शेतीचे फिडरही आता दिवसा सोलरवर नेले जात आहेत. त्या योजनेतला ३ मेगावॉटचा पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावलाच सुरू झाला. दिवस कलला की ही वीज दोन-तीन तासांत उतरते, आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे-पंखे लागतात. परळीचा २५० मेगावॉटचा संच तेवढ्या चार तासांसाठी पेटवून पुन्हा विझवता येत नाही. गार पडलेला बॉयलर वर आणण्यातच कित्येक तास जातात. मग वितरण कंपनीला बाजारातून महाग वीज घ्यावी लागते. तेवढा वेळ शे-दोनशे कारखान्यांनी लोड उतरवला तर तेच काम स्वस्तात होतं. लातूरकरांना हे वेगळं समजवायला नको. नळाला पाणी आलं त्या दिवशी ज्याने टाकी भरून ठेवली, त्याला टँकर मागवावा लागत नाही. तुमच्या खोल्यांतली थंडी आणि बर्फाच्या टाकीतलं ब्राइन (गार केलेलं खारं पाणी) ही तुमची भरून ठेवायची टाकी.

परदेशात यावर बरीच उलाढाल होते. ब्रिटनमध्ये २०२२-२३ च्या हिवाळ्यात ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने चाचणीच्या वेळी कमी केलेल्या युनिटला किमान ३ पौंडांची हमी दिली होती. असे आकडे रुपयांत बदलून इकडे ऐकवले की लाखाचं गणित तयार होतं. आपल्याकडे केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी, ग्रिड सावरण्यासाठी लोड कमी-जास्त करू शकणाऱ्यांनाही दार उघडलं आहे. पण तिथे किमान १ मेगावॉट लागतो, आणि दुय्यम राखीव सेवेत इशारा मिळाल्यावर ३० सेकंदांत हालचाल सुरू व्हावी लागते. महाराष्ट्र आयोगानेही २०२४ मध्ये डिमांड फ्लेक्सिबिलिटीचे विनियम केले, म्हणजे लोडची लवचिकता वापरणं हे आता वितरण कंपन्यांचं कामच झालं. दिशा पक्की आहे. मात्र कुणी तुमच्या दारात येऊन ‘दरमहा इतके’ म्हणत असेल, तर पैसे देणारं कोण, हे महावितरणच्या पत्रावर किंवा आयोगाच्या मंजुरीच्या कागदावर दिसलं पाहिजे. मध्यस्थाच्या स्वतःच्या लेटरहेडला अर्थ नाही.

आता तो लाख. ५५ चा कंप्रेसर भरात असताना साधारण ४२ किलोवॉट ओढतो असं धरू, बर्फाचा ३८. दोन्ही बंद केले तर ८० किलोवॉट. वीजबाजारात आदल्या दिवशीच्या सौद्यांना २०२३ पासून युनिटला १० रुपयांची कमाल मर्यादा आहे. कुणी तुम्हाला तो अख्खा दर दिला, मध्यस्थाने दमडीही कापली नाही, तरी लाखासाठी १०,००० युनिट कमी करावे लागतील. ८० किलोवॉटने ते व्हायला १२५ तास लागतात. महिनाभर रोज चार तासांहून जास्त दोन्ही मशीन बंद. मग चिंच काळी पडेल ती वेगळीच. दोन तासांच्या एका बोलावण्याचे तुमचे पैसे फार तर १,६०० रुपये. वापर न होताही ‘तयार राहण्याचे’ पैसे काही योजनांत असतात, पण ते मेगावॉटवर मोजतात. तुमच्यासारखे बारा-तेरा कारखाने जोडले तेव्हा एक मेगावॉट होतो.

आता तुमच्या पत्रातली खरी गोम: ‘रात्री १० ते सकाळी १०, कारण रात्रीची वीज स्वस्त’.

ही सवय जुन्या दरांची आहे. कित्येक वर्षं एचटी उद्योगांना रात्री १० ते पहाटे ६ युनिटला दीड रुपया सूट होती आणि सायंकाळी ६ ते १० ला १ रुपया १० पैसे जादा. नव्या दररचनेत सूट सकाळी ९ ते सायंकाळी ५ या सोलरच्या तासांत गेली, आणि सायंकाळी ५ ते रात्री १२ हा पट्टा महाग झाला. म्हणजे तुमचा टायमर ज्या १० वाजता मशीन ‘स्वस्तात’ सुरू करतो, तिथून पुढचे दोन तास सगळ्यात महाग आहेत. जुन्या टायमरवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या आणि डाळ मिल आजही कमी नाहीत. बिलावरचा टीओडीचा, म्हणजे वेळेनुसार दरांचा, तक्ता काढा, प्रत्येक पट्ट्याचे युनिट आणि त्यापुढची अधिक-उणे रक्कम पाहा. आयोगाचा आदेश बदलला की पट्टे आणि दर बदलतात, म्हणून प्रत्येक नव्या आदेशानंतर हा तक्ता टायमरशी ताडून पाहायचा. हे काम दिरांकडे नको, तुमच्याकडेच ठेवा.

पावसाळ्यात आणि थंडीत बर्फाची मागणी दिवसाला ८ टन धरली, तर टनामागे ५५ युनिटने ४४० युनिट लागतात, ३८ किलोवॉटने बारा तासांच्या आत काम उरकतं. हे बारा तास पहाटे ५ ते सायंकाळी ५ करा. हिशेबाला सोपं म्हणून सोलरच्या तासांत दीड रुपया सूट आणि संध्याकाळी दीड रुपया जादा धरू. तुमच्या बिलावरचे खरे आकडे तिथे घाला. रात्री १० ते १२ चे ७६ युनिट महागातून स्वस्तात आले, प्रत्येकी ३ रुपये: २२८. मधल्या साध्या दराचे पाच तास, १९० युनिट, सोलरच्या पट्ट्यात आले, प्रत्येकी दीड: २८५. दिवसाला ५१३, महिन्याचे २६ दिवस धरले तर १३ हजारांच्या वर, आणि असे आठ महिने म्हणजे वर्षाला लाखाच्या वर. डबा नाही, करार नाही, टोकन नाही. खोल्यांचं दुपारी जास्त गार करून संध्याकाळी थांबणं जमलं तर त्यावर आणखी महिन्याला सहा-सात हजार.

इथे एक खड्डा आहे. त्यात भलेभले पडतात. रात्री चालवलेल्या मशीनची डिमांड बिलात सहसा दिसत नाही, कारण बिलिंग डिमांडसाठी आजवर सकाळी ६ ते रात्री १० मधली नोंद धरत आले आहेत. मशीन दिवसा आणलं की ते मोजलं जातं. तुमचा दिवसाचा लोड मांडा: कोल्डचा एक कंप्रेसर ४२, बर्फाचा ३८, साफसफाईची लाइन ३०, पंखे-पंप-कूलिंग टॉवर २०, बाकी ८. बेरीज १३८ किलोवॉट, पीएफ (पॉवर फॅक्टर) ०.९८ असेल तर १४१ केव्हीए. बिलात तशाही धरल्या जाणाऱ्या १५० च्या आत आहे, चिंता नाही. त्यात दुसरा कोल्ड कंप्रेसर लागला की १८० किलोवॉट, म्हणजे १८४ केव्हीए. १५० वरचे ३४ केव्हीए; डिमांड चार्ज ६०० रुपये धरला तर त्या एका महिन्यात २०,४०० रुपये. मशीन एकदाच, तेही अर्धा तास एकत्र लागली तरी. बर्फ दिवसा चालवून जे कमावलं ते सगळं त्यात गेलं. आणि कधी कॉन्ट्रॅक्ट डिमांडच ओलांडली तर वरच्या डिमांडला डिमांड चार्जच्या आणखी १५० टक्के लागतात.

उपाय स्वस्त आहे. दुसरा कोल्ड कंप्रेसर आणि बर्फाचा कंप्रेसर एकाच वेळी लागू नयेत असं इंटरलॉक पॅनलमध्ये करून घ्या. कॉन्टॅक्टरचे एनसी (नॉर्मली क्लोज्ड) पॉइंट एकमेकांच्या कॉइलमध्ये घातले की झालं, तुमचा नेहमीचा पॅनलवाला हे दुपारभरात करतो. सोबत डिमांड कंट्रोलर बसवला तर १४५ ला अलार्म आणि १४८ ला साफसफाईची लाइन ट्रिप, असं लावता येतं. मीटर १५ मिनिटांची सरासरी धरतो की ३० ची, ते मीटर टेस्टिंगच्या माणसाला विचारून कंट्रोलरला तीच खिडकी द्या. ती जुळली नाही तर कंट्रोलर स्वतःशीच बोलत बसतो.

लोड बंद करून वीज विकायची म्हटलं की हाच खड्डा दुप्पट खोल होतो. दोन तास मशीन थांबवली, खोल्या थोड्या तापल्या, आठ वाजता वीज ‘परत’ आली आणि थर्मोस्टॅटने सगळ्यांना एकदम हाक दिली. संध्याकाळचे आठ म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० च्या आतच, डिमांडची नोंद होणारच. बंद ठेवण्याचे १,६०० मिळाले आणि सुरू करण्यात २०,४०० गेले. तेरा बोलावण्यांची कमाई एका चुकीच्या सुरुवातीत. म्हणून पुन्हा सुरू करताना क्रम ठरलेला हवा: आधी कंडेन्सरचा पंप आणि कूलिंग टॉवर, मग कोल्डचा पहिला कंप्रेसर अर्ध्या लोडवर, दहा मिनिटांनी पूर्ण लोडवर, त्यानंतर पंधरा मिनिटांनी बर्फाचा. मोटार तासात तीन-चारहून जास्त वेळा सुरू होता कामा नये.

बंद करण्याची रीत तर सुरू करण्याहून नाजूक आहे. तो डबा नेमकं काय बंद करणार, हे त्या गृहस्थांना विचारा. मेन ब्रेकर पाडणार असतील तर तिथेच हात जोडा. अमोनियाचा कंप्रेसर चालता चालता तोडला की लिक्विड लाइन उघडी राहते, द्रव अमोनिया इव्हॅपरेटरमध्ये साचतो आणि पुढच्या वेळी सुरू करताना कंप्रेसर तो गिळतो. मग व्हॉल्व्ह प्लेट फुटते, तीही ऐन हंगामात. बरोबर क्रम असा: लिक्विडचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आधी बंद, सक्शन प्रेशर खाली येऊ द्यायचं, कंप्रेसर अनलोड, मग मोटार बंद, कंडेन्सरचा पंप आणखी पाच मिनिटं चालू. थोडक्यात, डब्याने कंट्रोल सर्किटला फक्त ‘थांब’ असा कोरडा (स्वतःचा वीजदाब नसलेला) कॉन्टॅक्ट द्यायचा, थांबायचं कसं ते तुमचं पॅनल ठरवील. पॅनलच्या दारावर ‘लोकल-रिमोट’ सिलेक्टर हवाच, आणि किल्ली ऑपरेटरकडे. अमोनियाचा लीक डिटेक्टर, मशीनरूमचा एक्झॉस्ट, आगीचा पंप, क्रँककेस हीटर यांच्या वायरला डब्याने हात लावायचा नाही.

खोल्यांकडे येऊ. हवा लवकर तापते, पोत्यातला माल हळू. म्हणून एअर सेन्सरवर विसंबून ‘दोन अंश वाढले, बंद करा’ म्हणू नका. बेदाण्याच्या मधल्या खोक्यात आणि चिंचेच्या मधल्या पोत्यात प्रत्येकी एक प्रोब खुपसा. दुपारी २ पासून सेट पॉइंट दीड अंश खाली, ५ ला कंप्रेसर बंद, पंखे निम्मे. पंखे सगळे बंद केले तर खोलीच्या वरच्या भागात उष्ण हवा साचते, आणि सगळे चालू ठेवले तर पंख्यांच्या मोटारीच खोली तापवतात. हवा दोन अंश चढली तरी मालाचा प्रोब अर्ध्या अंशाहून जास्त हलत नसेल तर तुम्ही सुरक्षित. त्या वेळात गाडी भरणं-उतरवणं नको. श्रावणातल्या दमट संध्याकाळी दार उघडं राहिलं की गार मालावर दव धरतं, आणि मिरचीला बुरशी लागायला तेवढं पुरतं. डिफ्रॉस्ट (कॉइलवर साठलेला बर्फ उतरवणं) दुपारी उरकून घ्या. थांबा संपता संपता डिफ्रॉस्ट आला तर खोली सावरायला रात्र लागते. कधी मोसंबी किंवा बियाण्याचा बटाटा ठेवायला घेतला, तर त्या खोलीला हा प्रयोग लावायचा नाही, जादा थंडीने त्यांचंच नुकसान होतं. बर्फाच्या टाकीचं सोपं आहे: ब्राइन उणे १० वरून उणे ७ झालं तर काही बिघडत नाही, बर्फाचे डबे थोडे उशिरा गोठतात. फक्त अ‍ॅजिटेटर चालू ठेवा.

एप्रिल-मे मात्र वेगळे. ग्रिडला तेव्हा संध्याकाळी सगळ्यात जास्त गरज असते आणि तुम्हालाही बर्फाचा एकेक तास हवा असतो. बर्फाचं मशीन दोन तास थांबवलं तर ७६ युनिट, १० रुपयांनी ७६० रुपये. न वापरलेल्या विजेचं बिल वाचलं, त्याचे आणखी सातशे धरा. पण तेवढ्या विजेत जवळजवळ १,४०० किलो बर्फ झाला असता, किलोला २ रुपये धरले तरी २,८००. लग्नसराईत बर्फ विका. करारात मे महिन्याची सूट लिहून घेता येत नसेल, तर तो करार बर्फवाल्यासाठी केलेला नाही.

आणि कुणी सुचवलं की ‘मशीन बंद कशाला, बोलावणं आलं की जनरेटरवर टाका’, तर हिशेब तोंडीच करा. लिटर डिझेलला तीन-साडेतीन युनिट निघतात. डिझेल ९० रुपये धरलं तरी युनिट २६ ते ३० रुपयांना पडतं. ते १० ला विकायचं?

यापुढची गोष्ट कागदावर लवकर ध्यानात येत नाही. तुम्ही किती लोड ‘कमी केला’ हे कुणी डोळ्यांनी पाहत नाही. ते बेसलाइनवरून काढतात. एक प्रचलित रीत अशी: आधीच्या दहा कामाच्या दिवसांतले जास्त वापराचे पाच निवडायचे, त्या वेळेच्या वापराची सरासरी काढायची, त्यातून बोलावण्याच्या दिवसाचा वापर वजा करायचा. आता तुम्ही शहाणपणाने बर्फ पहाटे ५ ते सायंकाळी ५ वर नेलात, तर संध्याकाळची बर्फाची बेसलाइन शून्य. संध्याकाळचं बोलावणं आलं तर विकायला उरला कोल्डचा एक कंप्रेसर, तोही प्री-कूलिंगने अर्धा रिकामा झालेला. एकच युनिट दोनदा विकता येत नाही. बेसलाइन फुगावी म्हणून संध्याकाळी मुद्दाम मशीन चालवायची अक्कल काहीजण देतात. त्यात युनिटमागे रोजचे तीन रुपये नक्की जातात आणि कधीतरीचे दहा येतील न येतील. म्हणून तुमच्याकडे आधी टीओडी, लवचिकता नंतर. तेव्हाही विकायला तुमच्याजवळ बहुधा सकाळी ५ ते ९ मधला बर्फाचा लोड आणि दिवसातली अचानक आलेली बोलावणी, एवढंच असेल.

मोजमापाची तयारी मात्र आतापासून करा, ती दोन्हीकडे लागते. एचटी मीटरमध्ये लोड सर्व्हे (वेळेवारीने वापराची नोंद) साठतो. मंडल कार्यालयाकडे अर्ज करून मागचे काही महिने काढून घ्या. बर्फ आणि कोल्ड यांच्या फिडरवर वेगळे, ०.५ क्लासचे मीटर, मॉडबस (आकडे लॉगरला पाठवायची सोय) असलेले. सीटीचा (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) रेशो आणि दिशा तपासा. एका फेजची सीटी उलटी बसली तर मीटर एक-तृतीयांशच युनिट दाखवतो आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. लॉगरचं घड्याळ महावितरणच्या मीटरशी जुळवा. ग्रिडचा दिवस १५ मिनिटांच्या ९६ तुकड्यांत मोजतात. सात मिनिटांची तफावत म्हणजे अर्धा तुकडा दुसऱ्याच्या खात्यात. आणि एपीएफसी, म्हणजे पीएफ आपोआप सावरणारं, पॅनल: लोड उतरला तरी कपॅसिटर आतच राहिले तर पीएफ लीडिंग जातो. केव्हीएएच बिलिंगमध्ये लीडिंगचाही भुर्दंड पडतो, म्हणून ५ केव्हीएआरचे छोटे स्टेप हवेत आणि ते खरंच बाहेर पडतात का, हे कंप्रेसर बंद करून उभं राहून पाहा.

लवचिकतेच्या या धंद्यात आपल्या भागात आधी कोण उतरेल, तर जालन्याचे पोलाद वितळवणारे फर्नेसवाले. त्यांच्या एका इंडक्शन फर्नेसमध्ये मेगावॉट-दोन मेगावॉट सहज असतात आणि पुढची हीट (वितळवायची खेप) अर्धा तास उशिरा लावणं त्यांना जमतं. चालू हीट मधेच तोडणं मात्र त्यांनाही परवडत नाही. पाणीपुरवठ्याचे पंपही सोयीचे, उंचावर टाकी असली की. जिनिंग हंगामापुरती.

आता त्या करारापुरतं. डब्याचे पैसे ग्राहकाने आधी भरायचे, हा या धंद्याचा रिवाज नाही. मध्यस्थ सहसा आपल्या खर्चाने बसवतो आणि मिळकतीतून हिस्सा घेतो. १ लाख ८० हजार ही त्यांची कमाई आहे, तुमची नाही. पाच वर्षं बांधून घेऊ नका, एक वर्ष पुरे, आणि मधल्या काळात दुसऱ्याकडे जाण्याची मुभा हवी. महिन्यात जास्तीत जास्त किती बोलावणी, एकाला किती तास, किती आधी कळवणार, नकार दिला तर दंड आहे का, बेसलाइन कोण काढणार आणि तिचे आकडे तुम्हाला दिसणार का, माल खराब झाला तर भरपाई कुणाची, हे सगळं करारातच हवं. ‘साहेब, ते आपण पाहून घेऊ’ हे उत्तर आलं की बैठक तिथेच संपवा.

टोकनचं असं करा: आजच साध्या कागदावर, पावतीच्या प्रतीसह, ‘महावितरणचं संमतिपत्र किंवा आयोगाच्या मंजुरीची प्रत १५ दिवसांत द्यावी, नसल्यास टोकन परत करावं’ असं लिहा. ते पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. तोवर पॅनलरूममध्ये कुणालाही प्रवेश नाही, आणि महावितरणच्या पोर्टलचा पासवर्ड दिरांनी त्यांना दिला असेल तर तो आज रात्रीच बदला.

आणि येत्या रविवारी, दारं बंद असताना, ५ ते ७ कोल्डचा कंप्रेसर थांबवून पाहा. दर पंधरा मिनिटांनी एअर, चिंचेचा प्रोब, बेदाण्याचा प्रोब, सक्शन प्रेशर असे चार आकडे वहीत लिहायला ऑपरेटरला बसवा. पुन्हा सुरू करताना मीटरवरची चढती डिमांड तुम्ही स्वतः पाहा.